सतरा नंबरचं पाणी

सोमवार, २५ ऑगस्ट
सकाळची शुगर ७.४

माझ्या मेथीवर कोणीतरी पाय दिलाय. एखादं-दुसरं रोप नव्हे, सबंध वाफा मधोमध तुडवलाय. बुटाचा ठसा असा स्वच्छ उमटलाय की त्यावरून मोचीने माप घ्यावं. तळव्याला फुल्याफुल्यांची नक्षी, टाचेला चांदणी. शिवाय जमिनीत जागोजागी भोकं, लोखंडी सळई खुपसून काढावी तशी. आणि माझ्या शेडच्या कोपऱ्यावर गुलाबी रंगाचा ठिपका. कोण मेला माझ्या शेडला टिळा लावून गेला?

असो. वहीबाई, राम राम. तुला नर्सने दिलं ते शुगर लिहायला. आकडा एवढासा (इथलं माप वेगळं, सातच्या आसपास म्हणजे ठीक) आणि पान हे एवढं, मग उरलेल्या जागेत मी माझं लिहिते. चौथी पास बाईला तेवढाच विरंगुळा. माझी मुलगी सुचेता दर रविवारी येऊन वही बघते, पण आकडेच बघते. माझं अक्षर वाचायला तिला चष्मा लागतो आणि चष्मा ती नेमका घरी विसरते.

ही जागा म्हणजे काही धर्मशाळा नाही. कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, भाजी लावायला भाड्याने घेतलेला तुकडा आहे. असे चाळीस आहेत, आमचा सतरा नंबर. एकतीस वर्षं झाली. पाटीवर अजून ह्यांचंच नाव आहे. हे जाऊन नऊ वर्षं झाली, पण कौन्सिलला कळवायचं म्हणजे फॉर्म आले, आणि फॉर्म म्हटलं की माझं डोकं उठतं. भाडं वेळेवर जातं. वांग्याला काय, मालकाचं नाव वाचून थोडंच लागायचंय.

अठरा नंबरचा टेरी त्याच्या लीकना, त्या जाड्या कांद्याच्या पातीला, माती चढवत होता. टेरी इथलाच गोरा, वय अठ्ठ्याहत्तर, सहा वर्षांचा होता तेव्हापासून थॉर्नबेक टाउनच्या फुटबॉल मॅच बघतोय. टीम हरली की तीन दिवस कोणाशी बोलत नाही, म्हणजे वर्षाचे बहुतेक दिवस. त्याला विचारलं, हा उद्योग कोणाचा?

"क्लबचा असणार, लव्ह," तो म्हणाला. (टेरीचं इंग्रजी मी मराठीत लिहिते. मला तेवढंच येतं. 'लव्ह' इथे सगळ्यांनाच म्हणतात.) "जुन्या ग्राउंडचं छप्पर बाद झालंय. नवीन स्टेडियम बांधायचंय. तीन जागा बघतायत. जुना बस डेपो, मोटरवेजवळचं रान, आणि ही."

"ही? ह्या डबक्यात?"

टेरी हसला. "ते त्यांना कोण सांगणार?"

मीही हसले. मग मेथी परत पेरली.

रविवार, ३१ ऑगस्ट
शुगर ८.८ (केक खाल्ला)

आज नात आली. अक्षरा, सुचेताची मुलगी. फेब्रुवारीनंतर आज उगवली. लीड्सला कुठल्याशा कंपनीत नकाशे बघायचं काम करते. सव्वीस वर्षांची झाली, अजून आजीला शुगर आहे हे माहीत नाही. केक घेऊन आली. तिला वाईट वाटू नये म्हणून खाल्ला. म्हणजे चांगला होता म्हणून खाल्ला.

आल्या आल्या तिच्या मोडक्या मराठीत म्हणते, "आजी, आपण तुझी प्लॉट बघायला जाऊ या?"

मला आश्चर्य वाटलं. लहानपणी ही पोर तिथे ह्यांच्या मागे मागे असायची. कॉलेजला गेल्यापासून तिला गांडूळ बघितलं तरी ओकारी यायची. म्हटलं, चला, मातीची ओढ कधीतरी लागतेच. सगळा प्लॉट फिरून दाखवला. वांगी, मेथी, गवारीचा फसलेला वेल. ती फोन घेऊन फोटो काढत होती. मग शेडमध्ये स्टुलावर बसली आणि फोन माझ्यासमोर ठेवला.

"तुझा आवाज ठेवते, आजी. आठवण म्हणून."

"मी काय उद्या मरत्येय?"

"असं नाही गं. सांग ना, हे जमीन कशी आहे?"

"सोन्यासारखी."

"आणि पाणी? इथे कधी पाणी आली होती का? फ्लडिंग?"

मी म्हटलं, "एकतीस वर्षांत इथे पाण्याचा टिपूस थांबलेला नाही. पडलं की मुरलं."

आता वहीत खोटं लिहून काय करू. पाणी आलं होतं. दहा वर्षं होतील, नाताळच्या दुसऱ्या दिवशी. नदी रेल्वेच्या बांधापलीकडेच राहिली, पण शेडमागून एक ओढा पाइपात घालून जमिनीखालून नेलाय, तो उलटा वाहू लागला. ह्यांच्या कमरेला पाणी. हे कोंबड्या काढायला उतरले, छातीत सर्दी घेऊन वर आले आणि फेब्रुवारीत गेले. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. मी हट्ट म्हणते. शेडच्या भिंतीवर आतून पाण्याची रेघ राहिली होती, तिच्यावर मीच पांढरा रंग फासला.

पण हे कोणाला सांगायचं नसतं. माझी आजी सांगायची, विचारायला आलेल्या माणसाला आपल्या जमिनीचं आणि आपल्या मुलीचं उणं सांगू नये. जमीन ऐकते आणि रुसते. आमच्या माहेरी काळ्या दगडावर शेती होती, पण विचारलं की उत्तर ठरलेलं, सोनं पिकतं. अक्षरालाही मी हे लहानपणी शंभरदा सांगितलंय. तेव्हा तिने विचारल्यावर मी दुसरं काय सांगणार?

ती उठली आणि भिंतीजवळ गेली. माझ्या छातीएवढ्या उंचीवर अंगठा फिरवला. "रंग छान दिली आहेस, आजी," म्हणाली.

घरी आल्यावर तिचे बूट चिखलाने भरलेले म्हणून नळाखाली धरले. तळव्याला फुल्याफुल्या, टाचेला चांदणी. ह्या देशात सगळे एकाच दुकानातून बूट घेतात की काय. बूट ओलेच राहिले, ती माझ्या चपला घालून गाडीत बसून गेली.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
शुगर ७.१

अक्षराचा मेसेज. "आजी तू स्टार आहेस." खाली तीन बदाम. मी काही हुरळून गेले नाही. तिच्यासाठी कडेची, तुडवण्यातून वाचलेली मेथी खुडून फ्रीझरमध्ये टाकली. ती कड मोकळी करायचीच होती.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
शुगर ७.९

आज ह्यांचं पान. पितृपंधरवड्यात एवढं एक मी चुकवत नाही. बाकी देवाधर्माचं माझं यथातथाच. खीर, वडे, भाजणीचे नव्हे, मिक्सरमधले, आळूची भाजी, ह्यांना आवडायचा तो कारल्याचा पंचामृती प्रकार. पान मागच्या अंगणात ठेवलं. इथले कावळे कसले, साहेबच ते. भिंतीवर बसून मान तिरकी करून बघत राहिले. शेवटी मॅगपाय म्हणतात तो काळापांढरा पक्षी आला आणि वडा उचलून गेला. हे बसचे ड्रायव्हर होते, पांढरा शर्ट आणि काळी पँट. म्हटलं, ठीक आहे, तुम्हीच समजते.

सुचेता आली होती. अक्षरा नाही आली.

"तिची मंगळवारी मोठी मीटिंग आहे, आई. खूप टेन्शनमध्ये आहे."

"आजोबांना जेवायला घालण्यापेक्षा मोठी?"

सुचेता खिरीत चमचा फिरवत बसली. तिला काहीतरी सांगायचं होतं. सांगितलं नाही.

पोस्टाने चिठ्ठी आली आहे. स्टेडियमच्या जागेबद्दल मंगळवारी दुपारी चारला चर्चच्या हॉलमध्ये सभा, सगळ्या प्लॉटवाल्यांनी यावं. टेरी न्यायला येणार आहे. चहाबिस्किटं आहेत म्हणतो.

मंगळवार, १६ सप्टेंबर
शुगर घेतली नाही

घरी येऊन तासभर कोट घालूनच बसले होते.

सभा भरलेली. मागच्या रांगेत मी आणि टेरी. पुढे क्लबची माणसं, कौन्सिलची एक बाई. आणि काळा कोट घालून अक्षरा. मला वाटलं चहाच्या व्यवस्थेला असेल. हात वर करून तिला बोलावणार, तेवढ्यात तिने माइक घेतला.

तीच ती कंपनी. क्लबने जागा शोधायला नेमलेली. सळई तिची, गुलाबी ठिपका तिचा, माझ्या मेथीवरचा पाय तिचा. बूट तर माझ्याच दाराशी वाळत पडलेत.

पडद्यावर तीन नकाशे आले. बस डेपो लाल, जमिनीखाली जुनं विष मुरलंय म्हणे. मोटरवेचं रान पिवळं, तिथे बस नाही की ट्रेन नाही. आणि आमचे चाळीस प्लॉट हिरवेगार. टेरी कानात सांगत होता, "आपली जागा पहिली आली, लीला." तो धड खूशही नव्हता, धड रागावलाही नव्हता. बहात्तर वर्षं टीमला स्टेडियम पाहिजे म्हणून ओरडतोय, आणि ते त्याच्या लीकवर यायला निघालंय.

मग एक पान आलं. त्यावर ह्यांचं नाव. मोठ्या अक्षरांत. प्लॉट १७, एकतीस वर्षं. खाली एक ओळ. टेरीने ती वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मी कोपराने ढोसलं तेव्हा बोलला.

"'एकतीस वर्षांत इथे पाण्याचा एक थेंब थांबलेला नाही.'"

माझं वाक्य. माझ्या तोंडचा टिपूस. चार दिवसांपूर्वी ज्यांना पान वाढलं ते पडद्यावर उभे राहून साक्ष देत होते. ती पण खोटी. जिवंतपणी ह्या माणसाने (इथे तिकीटही ड्रायव्हरच देतो) बसमध्ये कोणाला अर्ध्या स्टॉपचं तिकीट कमी लावलं नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"लीला," टेरी म्हणाला, "त्याच्या शवपेटीला मी खांदा दिला होता."

"माहीत आहे मला."

"आणि पाणी..."

"माहीत आहे."

तेव्हा अक्षराने मला बघितलं. एवढ्या माणसांतून बरोबर बघितलं. तोंड उघडं राहिलं, एक क्षणभरच. मग बटण दाबून पुढचं पान लावलं. मीही गप्प बसले. का बसले ते मला अजून कळत नाही. एरवी पोस्टमनलासुद्धा मी सोडत नाही.

बिस्किटं खाल्ली नाहीत.

बुधवार, १७ सप्टेंबर
शुगर १३.२

सुचेताचा फोन. मी हॅलो म्हणायच्या आत, "आई, प्लीज कोणाला काही बोलू नकोस."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं.

"तिचा पहिला मोठा रिपोर्ट आहे, आई. तिच्या नावाने गेलाय. हे बाहेर आलं तर तिला परत कोणी काम देणार नाही."

"आणि माझा प्लॉट?"

"तुला पंचाहत्तर झाली. गुडघे बघ तुझे. अजून किती वर्षं करणार आहेस? आम्ही तुला आमच्या गार्डनमध्ये दोन मोठ्या कुंड्या देऊ."

कुंड्या! मी फोन ठेवला. मग वाटलं, मुलीवर काय रागवायचं, ती तिच्या मुलीला झाकत्येय. मी जमिनीला झाकलं, ती पोरीला झाकते. आमच्या घराण्याची रीतच ती. आपलेच दात, आपलेच ओठ.

पण माझ्या मनाला एक समाधान होतं ते लिहून ठेवते. पोरीला खरं माहीत नव्हतं. पूर आला तेव्हा ती सोळाची, परीक्षेच्या अभ्यासात. मी सांगितलं ते तिने लिहिलं. नाव चुकीचं घातलं, आपण नात असल्याचं लपवलं, ते वाईटच. पण खोटं बोलले ती मी. तेव्हा पाप माझं. असा हिशेब करून दुपारी थोडी झोपले.

शनिवार, २० सप्टेंबर
शुगर १४.६

समाधान गेलं.

टेरी आला. टीम आज जिंकली होती तरी तोंड उतरलेलं. जाकिटातून एक फोटो काढून ओट्यावर ठेवला. "त्या दिवशी मी काढला होता," म्हणाला. "शेडच्या छपरावर चढून."

पुराचा फोटो. सगळीकडे तपकिरी पाणी, पाट्यांची नुसती टोकं वर. मध्ये हे, कमरेएवढ्या पाण्यात, तोंड उघडं, कोणालातरी ओरडत असणार. आणि ह्यांच्या बाजूला, छातीपर्यंत भिजलेली, पांढरी कोंबडी डोक्यावर धरून उभी असलेली पोरगी.

अक्षरा.

मी ती तिथे होती हेच विसरले होते. की कोणी मला सांगितलंच नव्हतं? मी घरी होते, पुऱ्या तळत. संध्याकाळी हे दोघं ओले आले, मी ह्यांना शेकत बसले, पोरीकडे कोणी बघितलं? सुचेता येऊन तिला घेऊन गेली. एवढं आत्ता आठवतं.

"मी कोणाला काही सांगणार नाही," टेरी म्हणाला. "तुझं घर, तुझं बोलणं. पण एक सांगतो, लव्ह. मला स्टेडियम पाहिजे. मरायच्या आत नव्या स्टँडमध्ये, प्रेक्षकांच्या गॅलरीत बसून एक मॅच बघायची आहे. पण नकाशा नीट बघितलास का? लहान मुलांचा, शाळांचा स्टँड कुठे काढलाय?"

"कुठे?"

"आपल्या दोघांच्या शेडच्या जागी. सगळ्यात खोलगट कोपरा."

फोटो ठेवून गेला. मी तो उलटा करून ठेवला. थोड्या वेळाने परत सुलटा केला.

रविवार, २१ सप्टेंबर
शुगर ११

आज सर्वपित्री. सुचेताला म्हटलं, तू येऊ नकोस, पोरीला पाठव. आली. दाराशी बूट बघितले, माझ्या चपला परत आणल्या होत्या त्या शेजारी ठेवल्या.

वरणभात वाढला. आधी खाऊ दिलं. उपाशी माणसाशी भांडण्यात अर्थ नसतो, ते रडतं आणि भांडण वाया जातं.

मग फोटो ताटाशेजारी ठेवला.

तिने तो उचलून डोळ्यांजवळ धरला. म्हणाली, "ती कोंबडी वाचली होती, आजी."

"कोंबडीचं विचारत नाही मी."

"आय नो."

"तुला माहीत होतं."

"हो."

"मग मला कशाला विचारलंस?"

"रिपोर्टमध्ये एक लोकल माणूस पाहिजे होती. ऑफिशियल मॅपवर तिथे फ्लड नाहीच आहे, फक्त नदीची आहे, त्या पाइपची नाही. बॉस म्हणाला, कोणीतरी जुनी प्लॉटवाली बोलली की झालं. मी काही मेक अप नाही केलं, मनाने नाही रचलं, आजी. तू बोललीस. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे."

"मी खोटं बोलले."

"मला माहीत होतं तू खोटं बोलशील." हे ती इतक्या हळू म्हणाली. "तू नेहमी सांगायचीस, जमिनीची वाईट सांगू नये. म्हणून तर तुला विचारलं. टेरीला विचारली असती तर त्याने खरं सांगितलं असतं."

वहीबाई, मी पंचाहत्तर वर्षांत बरंच ऐकलंय. सासू माझ्या तोंडावर मला पायपुसणं म्हणालेलं ऐकलंय. पण असं मला कोणी हाताला धरून, केक भरवून, माझ्याच खोडीने बांधलं नव्हतं. माझ्या आजीची शिकवण मी नातीला दिली, आणि नातीने ती माझ्यावरच चालवली. मी तिच्याकडे बघतच राहिले. हुशार आहे हे मला ठाऊक होतं. एवढी?

"आणि आजोबांचं नाव?"

"कौन्सिलच्या लिस्टवर त्यांचं आहे. तुझं लिहिली असती तर आजोबा गेले हे कळलं असतं. तुझी प्लॉट गेली असती. मी तुला वाचवलं, आजी."

"जमीन घ्यायला आलीस आणि पाटी वाचवलीस?"

मग रडली. मी रडू दिलं. पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"बाकीच्या दोन जागा पण वाईट आहेत," ती नाक पुसत म्हणाली. "क्लबला ह्या महिन्यात उत्तर पाहिजे होती. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि आम्ही पंप लावणार आहोत तिथे. मोठे पंप."

"पंप आहेत म्हणजे पाणी आहे," मी म्हटलं.

ती तांब्या उचलून पाणी प्यायली. जाताना म्हणाली, "तू सांगणार आहेस का?" मी म्हटलं, ताट घासून ठेव. घासून गेली. बूट परत इथेच राहिले.

बुधवार, २४ सप्टेंबर
शुगर ९.७

कौन्सिलचं पत्र. ह्यांच्या नावाने. टेरीकडून वाचून घेतलं.

तुमची साक्ष आम्हाला महत्त्वाची वाटते. खाली छापली आहे, सही करून पाठवा. काही बदल असला तर बुधवार, १ ऑक्टोबरला अकरा वाजता आमच्या अधिकारी बाई प्लॉटवर येतील, त्यांना समक्ष सांगा. सोबत कोणीही आलं तर चालेल. आणि खाली सहीसाठी ठिपक्यांची रेघ.

"त्याला यायला जरा लांब पडेल," टेरी म्हणाला. आम्ही दोघं हसलो आणि मग हसवेना.

सही करणं सोपं आहे. ह्यांची सही मला येते, नऊ वर्षं भाड्याच्या कागदावर मीच करते. सही केली की पोरीची नोकरी राहिली, क्लबला जागा मिळाली, टेरीला मॅच मिळाली. मला दोन कुंड्या. आणि कधीतरी नाताळच्या दुसऱ्या दिवशी मॅच असेल. त्या दिवशी इथे मॅच असतेच, टेरी कधी चुकवत नाही. खालच्या कोपऱ्यात शाळेची पोरं बसलेली असतील.

पेन झाकण लावून ठेवलं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
शुगर ८.९

सकाळी कात्री घेतली. म्हटलं, फोटो मधून कापावा. ह्यांचा आणि पाण्याचा तुकडा कौन्सिलला, पोरीचा तुकडा तांदळाच्या डब्यात. बोलायचं ते मी बोलेन, तिचं नाव यायला नको. कात्री लावली सुद्धा. पण ह्यांचा हात तिच्या पाठीमागे आहे, फोटोत नीट दिसत नाही, बारकाईने बघावं लागतं. तिला धरून ठेवलंय. कुठून कापलं तरी हात तुटतो.

भावनेचं काही नाही यात. हाताशिवायचा माणूस बघून कौन्सिलची बाई विचारणारच, दुसरीकडे कोण होतं.

कात्री ठेवून दिली. उलथणं घेतलं आणि प्लॉटवर गेले. शेडच्या आत पांढरा रंग खरवडत बसले. दोन तास लागले. कसला चिवट रंग, मीच तीन हात दिलेले. रेघ आहे तशीच आहे. माझ्या छातीला लागते.

खरवडताना मोठ्याने बोलले, कोणी नव्हतं म्हणून. जमिनीला म्हटलं, बाई, तुझं उणं मी आज सांगत्येय. रुसायचं तर रूस.

रविवार, २८ सप्टेंबर
शुगर ७.२

सुचेता, आज तू वही बघायला येशील. चष्मा पर्समध्ये आहे तुझ्या, डाव्या कप्प्यात, मी तू मागे आलीस तेव्हा बघून ठेवलाय. तो लाव आणि आकडा सोडून हे वाच.

माझ्या वाटणीचं मी केलंय. टेरीकडून इंग्रजीत कागद लिहून घेऊन कौन्सिलला पाठवला, खाली माझी सही, माझ्या नावाची. पाणी आलं होतं. नाही आलं म्हणाले ते मी म्हणाले, लीलावती इंगळे, आणि खोटं म्हणाले. ज्यांच्या नावावर छापलंय ते नऊ वर्षांपूर्वी वारले. तिथे नाव लिहायचं होतं. लग्नाच्या उखाण्यानंतर ह्यांचं नाव मी कधी उच्चारलं नाही, मग स्वतःच्या हाताने लिहिलं. मुरलीधर. घे, इथेही लिहिलं. काही वीज कोसळली नाही.

प्लॉट आता जाईल. वेटिंग लिस्टवर पुष्कळ लोक आहेत. पाटी मी काढून घरी आणलीय, वांगी उतरवलीत, अर्धी टेरीला दिली. तुझ्या कुंड्या मला नकोत, आत्ताच सांगते.

माझ्या कागदात अक्षराचं नाव नाही. फोटो पाकिटात घातलाय, अख्खा, आणि तो मी पाठवणार नाही. पाकीट तिच्या बुटात ठेवलंय. बूट धुऊन, पुसून, वाळवून दाराशी आहेत. आज जाताना घेऊन जा आणि तिला दे, बुधवारी तेच घालून प्लॉटवर ये म्हणावं.

बुधवारी अकरा वाजता ती बाई येईल. मी शेडमध्ये स्टुलावर मेथी निवडत बसेन आणि मान वर करणार नाही. टेरीला सांगितलंय, तू तुझ्या लीककडे बघ. तू यायचं नाहीस, फोन करायचा नाहीस, जावयाला मध्ये घालायचं नाहीस. बाईने भिंतीवरची रेघ बघून विचारलं, हे काय आहे, ह्या दिवशी इथे कोण होतं, तर मी बोलणार नाही, टेरी बोलणार नाही, आणि मेलेल्या माणसाला परत बोलायला लावायचं नाही.

उत्तर अक्षराने द्यायचं. तिनेच.